आखाजीला भरीत: एका कथेतल्या निवेदकाचं प्रकरण

"आखाजीला भरीत कोण करतं हो?"

जळगावात महिन्यातून एकदा आम्ही आठ-दहा जण एकमेकांच्या कथांचे खर्डे वाचायला बसतो. त्या दिवशी वाचन संपलं आणि पहिला प्रश्न हा आला. आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. विचारणारे काका निवृत्त तलाठी. ते स्वतः काही लिहीत नाहीत, पण ऐकतात असे की लिहिणाऱ्याला घाम फुटावा. कथा वाचणाऱ्या ताई यावल तालुक्यातल्या, भुसावळला दिलेल्या. प्रश्न ऐकून त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. म्हणाल्या, "चुकलंच की माझं. काढून टाकते."

ते काढायचं की ठेवायचं, यावर पुढचे चार महिने गेले. "निवेदकावर विश्वास कधी ठेवायचा नाही आणि तो अविश्वास लेखकाने कसा उभा करायचा" हे मला पुस्तकांपेक्षा या एका कथेने जास्त शिकवलं. ताईंच्या परवानगीने ते सगळं इथे मांडतो आहे.

कथा अशी. सांगणारा साठीच्या घरातला केळी उत्पादक शेतकरी, 'मी' म्हणून बोलणारा. त्याची धाकटी बहीण आक्का, तिचं लग्न १९९१ साली झालेलं. वडील, म्हणजे आबा, २०११ च्या हिवाळ्यात गेले. निवेदक सांगतो की पुढच्या आखाजीला आक्का माहेरी आली, झोक्यावर बसली, गौराईची गाणी म्हटली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाली, "दादा, चल, हक्कसोड करून देते. माझं माहेर तुझ्या घरात आहे, सातबाऱ्यावर नाही." वडिलांच्या जमिनीतला तिचा हक्क सोडल्याच्या कागदावर दोघं जाऊन सही करून आले. संध्याकाळी अंगणात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवल्या, भरताची वांगी भाजली, सगळे शेकत बसले. पहिल्या खर्ड्याचा शेवट मात्र वेगळाच होता. भाऊ तापीच्या काठावर उभा राहून कबूल करतो की सही आपण दबाव टाकून घेतली.

खानदेशाबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. आखाजी हा एप्रिल-मे मधला सण. सासुरवाशिणीने माहेरी यायचा आमच्याकडचा सगळ्यांत मोठा दिवस. त्याच दिवशी पितरांची घागर भरतात, घागरीवर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, सोबत आंबा नि सांजोऱ्या. घरात कोणी नुकतं गेलेलं असेल तर त्या वर्षीच्या घागरीला फार मान. आणि भरीत हा निव्वळ थंडीतला मामला. बामणोद-भालोदकडची हिरवी, पांढुरक्या रेघांची मोठाली वांगी बाजारात येतात ती थंडीत. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर किंवा तुरीच्या काड्यांवर ती भाजायची, लाकडाच्या भांड्यात मिरची-लसणासोबत ठेचायची, वर कांद्याची पात घालायची. आखाजीला आमच्याकडे पारा ४२-४३ च्या घरात असतो. त्या उन्हाळ्यात जाळ पेटवून त्याभोवती शेकत बसणारं घर खानदेशात तरी सापडायचं नाही.

तेव्हा काकांचा प्रश्न रास्त होता. पण ताईंनी दिलेलं उत्तर मला स्वस्थ बसू देईना. त्या म्हणाल्या, "आमच्या घरी अशी एक सही झाली होती. थंडी होती, भरीत होतं, मी लहान होते. कथेत मी दिवस बदलला. आखाजी घातली, म्हणजे बहिणीने भावाला ओवाळणी दिल्यासारखं दिसेल. वांगी बदलायची राहिली."

हे पुन्हा वाचा. दिवस बदलला तो सही गोड दिसावी म्हणून. वांगी तशीच राहिली, कारण ती खरी होती. लेखिकेच्या हातून जे नकळत झालं तेच तिच्या निवेदकाच्या हातून व्हायला काय हरकत होती? त्याला तर दिवस बदलायचं लेखिकेपेक्षा मोठं कारण होतं. सही तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी झाली, घरात बाप गेल्याचं सुतक नुकतं फिटलं होतं, बहीण रडून रडून बधिर होती. एवढं पुसायला त्याने तो दिवस उचलून सणात नेऊन ठेवला. सगळं नेलं, भरीत मागे ठेवायचं विसरला.

मी तेवढंच म्हणालो: काढू नका, ते त्याच्या खात्यावर टाका.

पण असं नुसतं म्हणून भागत नाही. लेखकाची चूक आणि निवेदकाची लबाडी कागदावर सारखीच दिसतात. पानावर छापलेलं एक विसंगत वाक्य स्वतःहून सांगत नाही की आपण कोणाचे. सगळं प्रकरण या एका अडचणीभोवती फिरलं.

अमेरिकी समीक्षक वेन बूथ याने १९६१ साली 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा रूढ केली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक कथेमागे कथेची स्वतःची एक भूमिका असते, काय बरं आणि काय वाईट याची जाण असते. निवेदकाचं बोलणं-वागणं तिच्याशी जुळलं तर तो विश्वसनीय, त्यात अंतर पडलं तर अविश्वसनीय. म्हणजे कसोटी खोटेपणाची नाही, अंतराची आहे. निवेदक अक्षरन् अक्षर खरं सांगूनही अविश्वसनीय असू शकतो. ॲगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या एका कादंबरीत निवेदक जवळजवळ काहीच खोटं बोलत नाही, फक्त काही मिनिटं गाळतो. (नाव सांगत नाही, ज्यांनी वाचली नसेल त्यांचा आनंद जाईल.) पुढे जेम्स फेलन याने यात बारकावे आणले. निवेदक तीन ठिकाणी घसरतो: घडलं काय हे सांगताना, त्याचा अर्थ लावताना आणि त्याला चांगलं-वाईट ठरवताना. आणि प्रत्येक ठिकाणी दोन तऱ्हेने, एक तर चुकीचं सांगून, नाही तर अपुरं सांगून. लहान मूल कथा सांगतं तेव्हा ते बहुधा मधल्या ठिकाणी घसरतं. बघतं नेमकं, पण त्याला अर्थ कळत नाही. ताईंचा दादा मात्र तिन्ही ठिकाणी घसरणारा माणूस. म्हणूनच तो अवघड होता.

दुसरा खर्डा आला आणि तो बिघडला. ताईंनी माझं म्हणणं जास्तच मनावर घेतलं. आता दादा दर परिच्छेदात 'खरं सांगतो', 'देवाशप्पथ' म्हणत होता, सहीचं बोलताना अडखळत होता, कपाळाचा घाम पुसत होता. बायको त्याच्याकडे 'विचित्र नजरेने' बघत होती. आणि तापीकाठची कबुली होती तिथेच. आमच्यातला केळीच्या व्यापारातला तरुण मुलगा म्हणाला, "हा माणूस पहिल्या पानावरच पकडला गेला, मग बाकीची सात पानं मी का वाचू?" त्याचं बरोबर होतं. आम्ही वाचक पोलीस झालो होतो आणि दादा आरोपी. घाम पुसणारा निवेदक वाचकाला काही शोधू देत नाही, आयतंच हातात देतो.

कबुलीबद्दल माझं मत ठाम होतं, आजही आहे. जो निवेदक शेवटच्या पानावर सगळं कबूल करतो तो त्या पानावर पुरता विश्वसनीय होतो. त्याच्या तोंडून खरं कळलं की वाचकाला स्वतः ते जमवायची गरज उरत नाही. मग मागची सगळी विसंगती केवळ उशीर ठरते, लेखकाने माहिती दाबून ठेवली एवढंच. माझ्या मते दादाला आपण काय केलं ते माहीत आहे आणि माहीत नाहीही. सांगता सांगता त्याने ते स्वतःलाच पटवलेलं आहे. अशा माणसाच्या हातून कबुली सुटत नाही, वांगी सुटतात.

तिसऱ्या खर्ड्याच्या आधी काकांनी ताईंना बसवून घेतलं. त्यांना साहित्यातलं काही सांगायचं नव्हतं, फेरफाराचं, म्हणजे जमिनीच्या नोंदी बदलण्याचं सांगायचं होतं. कथेतली सगळ्यांत भक्कम जागा त्यातून निघाली, म्हणून जरा तपशिलात जातो.

दादाच्या तोंडी पहिल्यापासून एक वाक्य होतं: "तिचं लग्न ९१ चं. कायद्याने तिला काही मिळायचंच नव्हतं. तरी बिचारीने हौसेने हक्कसोड दिली." काका म्हणाले, हे वाक्य गावात शंभरदा ऐकलंय आणि त्याचा निम्मा भाग खरा आहे. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. दादा एवढंच सांगतो. पुढचं सांगत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि तिने लग्न कधी झालं हा भेद ठेवला नाही. आबा गेले २०११ साली. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी १९५६ च्या मूळ कायद्याने बापाच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस असतेच.

मग काका जे म्हणाले ते मी वहीत लिहून ठेवलंय: "हक्कच नव्हता, तर सोडायला काय लावलं?"

एका वाक्यात सगळं आलं. दादाच्या बोलण्यातले दोन तुकडे, 'तिला हक्क नव्हता' आणि 'तिने हक्क सोडला', एकमेकांचा गळा धरतात. त्यासाठी वाचकाला कायदा माहीत असायची गरज नाही, की आखाजी माहीत असायची. पुण्यातल्या एका मैत्रिणीला मी दुसरा खर्डा वाचायला दिला होता. भरताचं तिच्या लक्षातही आलं नव्हतं, तिला वाटलं खानदेशात बारा महिने भरीतच खातात. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. निवेदकाची खोट वाचकाला दिसते ती त्याच्या स्वतःच्या माहितीच्या उजेडात. भरीत हा फक्त आपल्या माणसाला लागणारा सुगावा होता. तो हवाच, पण एकटा नको. त्याच्या जोडीला एखादी अशी फट हवी की ती कुठल्याही गावच्या वाचकाला दिसावी. ती काकांनी दिली.

तिसऱ्या खर्ड्यात ताईंनी आणखी तीन गोष्टी केल्या. पहिली मला सुचलीही नसती. आधी दादा हवेत बोलत होता, कोणाला सांगतोय ते कळत नव्हतं. आता तो भाचीला सांगतो, आक्काच्या मुलीला. ती लग्नाची पत्रिका द्यायला एकटी आली आहे, आई सोबत आलेली नाही. दादा तिला चहा देतो आणि कोणी न विचारता सहीची गोष्ट काढतो. "तू लहान होतीस बाई तेव्हा, तुला कुठलं आठवायला." पण २०११ साली ती बारा वर्षांची होती, आणि बारा वर्षांच्या मुलीला आजोबांचं तेरावं आठवतं. भाची एक अक्षर बोलत नाही. तिच्या गप्प बसण्यामुळे दादा बोलत सुटतो. तो खोटं का बोलतो, आजच का बोलतो, याचं कारण आता समोर बसलेलं आहे. कारणाशिवाय अविश्वसनीय असलेला निवेदक मला नेहमी लेखकाचं कसब दाखवायला उभा केलेला वाटतो. दादा तसा राहिला नाही.

दुसरी गोष्ट केळीची. ताईंनी दादाला त्याच्या धंद्यात एकदम पक्का केला. तो भाचीला सांगतो: "अडीच एकरात ४३०० खोडं, पाच बाय पाच फुटांवर. घडामागे सरासरी २२ किलोची रास पडली. बऱ्हाणपूरचा भाव त्या दिवशी काय होता तेही सांगतो." केळीचा आकडा त्याच्या तोंडी कुठेच हलत नाही. काकांनी मोबाइलवर गुणाकार करून पाहिला, पाच बाय पाचवर अडीच एकरात एवढीच खोडं बसतात. आणि हाच माणूस सहीच्या दिवसाचं बोलू लागला की 'त्या दिवसात', 'तेव्हाच्याला', 'आखाजीच्या आगेमागे' असं ढिलं बोलतो. एका विषयात काटेकोर आणि दुसऱ्यात मोघम. वाचकाला कोणी काही दाखवत नाही, तरी कान टवकारतात. अविश्वसनीय निवेदक पुष्कळ बाबतीत विश्वसनीय असावा लागतो, हे मी या पानांवर शिकलो. सगळंच डळमळीत असेल तर कुठे हललं ते कळणार कसं?

तिसरी गोष्ट बायकोचं एक वाक्य. दुसऱ्या खर्ड्यातली तिची विचित्र नजर गेली. आता ती आतून फक्त ताटली घेऊन येते आणि भाचीला म्हणते, "आबांची पहिली घागर मी भरली होती बाई, डांगरही मीच ठेवलं. हात थरथरत होते माझे." दादा लगेच केळीच्या भावाकडे वळतो. आक्का त्या आखाजीला आली असती, तर बापाच्या पहिल्या घागरीवर डांगर सुनेने एकटीने ठेवलं असतं का? बायकोला आपण काही उघड केलं हे ठाऊकच नाही. निवेदक सगळं स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो, पण दुसऱ्याचं बोललेलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं की त्यावर त्याचा ताबा राहत नाही. कथेत साक्षीदार लागतो तो असा, साक्ष देतोय हे ज्याला माहीत नसतं.

आता चूक कोणाची, या मूळ प्रश्नाचं उत्तर ताईंच्या पानांनी दिलं. एक भरीत म्हणजे लेखिकेची चूक. भरीत नि त्याभोवतीचं शेकणं, एकटीची घागर, नसलेला पण सोडलेला हक्क, सहीपाशी ढिला पडणारा जबाबाचा सूर, हे सगळं एकाच दिवसाकडे बोट दाखवायला लागलं की चूक लेखिकेची राहत नाही. वाचक पहिल्या विसंगतीला लेखिकेवर रागावतो, तिसरीला दादाकडे वळून बघतो. किती पुरेत याचा हिशोब मला मांडता येणार नाही. या कथेत चार होत्या, पाचवी ताईंनी घातली होती ती आम्ही काढायला लावली. आक्काच्या नावाची जुनी साडी कपाटात सापडते वगैरे. ती जास्तीची होती.

एका बाबतीत मी ताईंशी वाद घातला आणि हरलो. त्यांनी दादाला फार माया दिली होती. आक्काला सायकलच्या दांडीवर बसवून तीन मैलांवरच्या शाळेत सोडायचा, तिच्या लग्नात बैलजोडी विकली, तिच्या पहिल्या बाळंतपणात रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. मला वाटलं, याने त्याचा गुन्हा हलका होतो. ताई म्हणाल्या, "तो खोटं बोलतो ते लपवायला नाही बोलत. बहीण दुरावली ते त्याला सहन होत नाही, म्हणून बोलतो. आक्काच्या बाजूने लिहिलं असतं तर सगळे तिच्यासाठी रडले असते आणि उद्या आपापल्या बहिणीकडून सही घ्यायला गेले असते. मला त्या माणसाला आतून बघायचंय." त्यांनी तो मजकूर एक ओळही कमी केला नाही. वाचताना मला कळलं की त्यांचं बरोबर आहे. ती सायकल आहे म्हणूनच ते भरीत घशात अडकतं. दादा लबाड असता तर त्याच्यापासून लांब राहता आलं असतं. तो आपल्या घरातल्या कुठल्याही मोठ्या भावासारखा आहे. मला तीन बहिणी आहेत आणि सातबाऱ्यावर माझं एकट्याचं नाव आहे, हेही इथे लिहून ठेवतो.

केळीच्या व्यापारातला मुलगा मात्र अजून दादाच्या बाजूने आहे. त्याच्या मते आक्काने सही मनापासूनच दिली, दादा फक्त दिवस विसरला, वय झालं की माणसं विसरतात. मला हे वाचन मान्य नाही, हक्काचं वाक्य त्याला आड येतं. पण ताईंनी त्याच्यासाठी एकही ओळ जास्त स्पष्ट केली नाही. म्हणाल्या, गावात निम्मे लोक असंच म्हणतील, त्यांनाही कथेत जागा हवी.

शेवट त्यांनी असा केला. भाची उठते, पत्रिका टेबलावर ठेवते. दादा आत जाऊन डांगर आणतो, अर्धं कापून पिशवीत घालतो. "आईला दे. म्हणावं, दादाने आखाजीचं ठेवलं होतं तुझ्यासाठी." भाची पिशवी घेते आणि फाटकापाशी थांबून विचारते, "मामा, त्या दिवशी थंडी होती ना?" कथा इथे थांबते. अख्ख्या कथेत ती बोलते ते एवढंच.

वाचन झालं तेव्हा काका बराच वेळ चष्मा पुसत होते. मग विचारलं, "फेरफाराची नोंद पडली की नमुना ९ ची नोटीस निघते. हरकतीला पंधरा दिवस असतात. आक्काला ती नोटीस पोचली होती का?"

ताई म्हणाल्या, "ते मी लिहिलेलं नाही काका."

"तुम्हाला नाही विचारत मी," काका म्हणाले. "त्याला विचारतोय."